पाणी कधीच न मोजलेल्या जंगलातला अपधाव आणि गाळ स्वॅट मॉडेलने काढता येईल का?

तुम्ही लिहिलंय की एम.टेक.च्या प्रोजेक्टसाठी पेंचच्या बाजूचा सागवानी पाणलोट घेतलाय, ओढ्यावर मोजणी नाही, आणि अपधाव (पावसातलं वाहून जाणारं पाणी) व गाळ काढायला गाइड म्हणतात स्वॅट चालव, म्हणजे पाऊस, माती आणि जमिनीच्या वापरावरून हिशेब करणारं संगणकी मॉडेल. चालवा, आकडे निघतील. पण ते खरे असल्याची सही कुणी मागितली तर करू नका.

पारशिवनीच्या पुढे अशाच एका ओढ्यावर मी दोन पावसाळे काढलेत. पावसातलं किती पाणी वाहून जाईल हे ठरवणारा आकडा म्हणजे कर्व्ह नंबर; जितका मोठा, तितकं जास्त वाहणार. तो आम्ही ७७ धरला होता, म्हणजे दाट जंगल आणि चिकण काळी माती. जूनमध्ये एका रात्रीत ६० मिमी पडला. सरासरी ओलाव्याच्या हिशेबाने त्यातले साडेसोळा मिमी वाहायला हवे होते, कोरड्या मातीची दुरुस्ती लावली तरी तीनेक. सकाळी जाऊन बघतो तर ओढ्यातला पालापाचोळासुद्धा जागचा हललेला नव्हता. काठावरच्या भेगेत हात घातला, तो कोपरापर्यंत गेला आणि बोटांना चिखल लागला. पाणी तिथे गेलं होतं. ऑगस्टमध्ये माती फुगून भेगा मिटल्या, तेव्हा ४० मिमीतच ओढा काठोकाठ आला. हे कर्व्ह नंबर मुळात अमेरिकेतल्या शेतांच्या छोट्या पाणलोटांवरून बसवलेले आहेत, सागाखालच्या काळ्या मातीवरून नाही.

गाळाचं तर विचारूच नका. जंगलातल्या कच्च्या रस्त्याच्या वरच्या अंगाला भरलेली बाटली दुसऱ्या दिवशी नितळ, तळाशी चिमूटभर माती. रस्त्याच्या खाली शंभर पावलांवर भरलेलीचा तळच दिसेना. गाळ जंगलातून येत नव्हता, रस्त्यावरून येत होता. मॉडेलला दिलेला नकाशा ३० मीटरच्या चौकटींचा; त्यात चार मीटरचा रस्ता दिसणार कसा?

मी हे मांडलं तेव्हा वरिष्ठ म्हणाले, "नॅश पॉइंट आठ आलाय, आता पुढे चला." नॅश म्हणजे मॉडेलचा प्रवाह मोजलेल्या प्रवाहाशी किती जुळतो त्याचा गुण, एक म्हणजे पूर्ण जुळणी. पण तो पॉइंट आठ खालच्या मोठ्या नदीवरचा, तोही महिन्याच्या बेरजांवरचा. जुलै-ऑगस्टच्या ढिगात जूनची चूक दिसतच नाही. मी तेव्हाही म्हणालो आणि आजही म्हणतो, ओढ्यावर पाय न ठेवता दिलेला तो अहवाल चुकीचा होता.

एक मात्र सांगायला हवं. भेगांतून पाणी मुरण्याचा पर्याय स्वॅटमध्ये आहे, पण तो मुद्दाम चालू करावा लागतो, आणि आम्ही तो केला नव्हता. तुम्ही करा. जंगल तुटलं तर काय बदलेल, अशा तुलनेला मॉडेल कामाचं आहे, हेही मान्य.

तुमच्या ओढ्यात एक मोजपट्टी रोवा, पर्जन्यमापक जवळच ठेवा, आणि पहिल्या चार पावसांत रस्त्याच्या वर-खाली बाटल्या भरा. जूनच्या कोरड्या ओढ्याचा फोटो प्रबंधात नक्की लावा. आमच्या अहवालातून तो काढायला लावला होता.