आइसलँडला येताय? तर हे आधी वाचा

तुमचे तीन प्रश्न: तिथे माणसं तरी आहेत का, धर्म कोणता, आणि मुलांना चर्चची सक्ती होईल का? नऊ वर्षं राजधानी रेक्याविकमध्ये काढली, त्यावरून सांगतो.

देश महाराष्ट्राच्या एक तृतीयांश, १ लाख ३ हजार चौरस किलोमीटर. माणसं चार लाखांच्याही आत. सांगली-मिरज-कुपवाडमध्ये २०११ सालीच पाच लाख होती! चौरस किलोमीटरला चार माणसंसुद्धा येत नाहीत, पण या आकड्याने घाबरू नका. देशाचा मधला भाग नुसता लाव्हा, वाळू आणि हिमनद्या. तिथे वस्तीच नाही. तीनातले जवळजवळ दोघे रेक्याविक आणि तिला चिकटलेल्या गावांत राहतात. तुम्हाला एकांत नाही, घरभाडं छळेल. पाचातला जवळपास एक जण बाहेरून आलेला, त्यांत पोलंडचे सर्वाधिक.

आता धर्म. राष्ट्रीय चर्च लुथरन, म्हणजे प्रोटेस्टंटांपैकी. नव्वदच्या दशकात दहातले नऊ त्यात होते, आता सहासुद्धा नाहीत. दुसरा नंबर कॅथलिकांचा. पण हे श्रद्धेचे आकडे समजू नका, ही सरकारी नोंदवहीतली नोंद आहे. सोळा वर्षांवरच्या प्रत्येक नोंदलेल्या माणसामागे सरकार त्याच्या धर्मसंस्थेला ठरावीक रक्कम देतं. नोंद नसेल तर रक्कम तिजोरीतच राहते, तुमच्या खिशात येत नाही. २०१५ मध्ये काही जणांनी ‘आमच्या धर्मात या, पैसे परत देतो’ म्हटलं, तर तीनेक हजार लोक प्राचीन सुमेरियन देवांचे भक्त झाले! थॉर-ओडिन या इथल्या ख्रिस्तपूर्व देवांना मानणाऱ्यांना मात्र १९७३ पासून रीतसर मान्यता आहे, आणि ते मनापासून करतात.

तसा धर्म इथे आधीपासून व्यवहाराचाच. सन १०००च्या सुमारास भांडण टाळायला थिंगवेट्लिर इथे भरणाऱ्या देशाच्या सभेने ख्रिस्ती व्हायचं ठरवलं. निवाडा करणारा थोर्गेइर स्वतः जुन्या देवांचा. एक दिवस आणि एक रात्र पांघरुणाखाली पडून विचार केला म्हणतात. घोड्याचं मांस खायची आणि गुपचूप जुने देव पुजायची सवलत मात्र सुरुवातीला ठेवली.

शाळेत चर्चची सक्ती नाही. तेरा-चौदाव्या वर्षी मात्र वर्गातली बरीचशी मुलं ‘फेर्मिंग’ म्हणजे दीक्षेचा विधी करतात, चर्चमधली किंवा मानवतावाद्यांची बिनदेवाची. आपल्याकडच्या मुंजीसारखंच, जेवण आणि पाकिटं. तुमचा मुलगा ‘मला का नाही?’ विचारणार. माझ्या मुलीने विचारलं, आम्ही वाढदिवस जोरात केला.

चर्चला कधी न जाणारे माझे शेजारी २४ डिसेंबरला संध्याकाळी सहाच्या ठोक्याला रेडिओ लावतात. घंटा वाजते आणि बोलणं थांबतं, मग जेवण. त्या दिवशी दुपारनंतर दुकानं आणि बस दोन्ही बंद. दूध सकाळीच आणून ठेवा.