ओढ्याकाठच्या दमट जंगलातील शैवाक (लायकेन, म्हणजे बुरशी आणि शैवाल यांची एकत्र वाढणारी जोडी) गोळा करून त्यांच्या नोंदी कशा ठेवाव्यात? मोबाइलवरचे फोटो पुरेसे नाहीत का?

फोटो पुरेसे नाहीत. सालीवरच्या करड्या थरात काळ्या रेघोट्या उमटवणाऱ्या ग्राफिस या शैवाकाच्या दोन जाती भिंगाखालीही सारख्याच भासू शकतात. शैवाकाच्या फळाचा, म्हणजे त्या काळ्या रेघोटीचा, छेद घेऊन बीजाणूंचा रंग आणि त्यांतील पडदे सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे लागतात. परंतु नमुना हाती असूनही त्यासोबतची चिठ्ठी चुकीची असेल तर काय होते, ते मी भोगलेले आहे.

एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी आम्ही भर ऑगस्टमध्ये आंबोलीला गेलो होतो. पावसाला खंड नव्हता, म्हणून मार्गदर्शक सरांनी ठरवले की चिठ्ठ्या रात्री खोलीवर लिहायच्या. मी ओढ्यावर झुकलेल्या जांभळाच्या खोडावरून छिन्नीने एक ग्राफिस काढले, दहा पावलांवरच्या अंजनीच्या झाडावरून दुसरे, आणि दोन्ही एकाच प्लास्टिकच्या पिशवीत टाकली. रात्री पाहते तो दोन्हींखाली सालीचा नखाएवढा पापुद्रा, त्यावरून झाड कसे ओळखणार? "झाड अनिश्चित" असे लिहू या, असे मी सुचवले. सर म्हणाले, "शैवाक झाडाचे काही खात नाही, नुसते बसते," आणि त्यांनी दोन्ही पाकिटांवर अंजनी लिहून टाकले. शैवाकातील शैवालच अन्न तयार करते हे मलाही ठाऊक होते; पण सालीची आम्लता, तिचा खडबडीतपणा आणि ती पाणी किती वेळ धरून ठेवते यांवर त्या झाडावर कोण टिकणार हे बरेचसे ठरते. त्यामुळे झाडाचे नाव हा नोंदीचा गाभा आहे, असे माझे तेव्हाही मत होते आणि आजही आहे.

म्हणून चिठ्ठी झाडापाशीच, पेन्सिलीने लिहावी: क्रमांक, तारीख, ठिकाण, उंची, झाड किंवा खडक, ओढ्यापासूनचे अंतर, सावली. प्रत्येक नमुन्याला कागदाचे स्वतंत्र पाकीट करावे. प्लास्टिक नकोच, कारण त्याच पिशवीतल्या लेप्टोजियम नावाच्या शैवाकावर तिसऱ्या दिवशी पांढरी बुरशी चढली होती. हे शैवाक ओले असताना भिजवलेल्या साबुदाण्यासारखे बुळबुळीत असते आणि वाळले की पापडासारखे मोडते. ते पंख्याखाली सावकाश वाळवावे. दगडफुलाच्या जातींसाठी रासायनिक चाचणी उपयोगी पडते: पार्मोट्रेमा टिंक्टोरमचा वरचा थर ब्लेडने खरवडून आतल्या पांढऱ्या भागावर कपड्यांच्या ब्लीचचा थेंब टाकला की तो लगेच लाल होतो.

हे आधी सांगायला हवे होते, पण अभयारण्यात किंवा राखीव जंगलात वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय काहीही काढू नये. बहुतेक शैवाके वर्षाला काही मिलिमीटरच वाढतात, त्यामुळे एकच ठिपका असेल तर तो फोटोवरच सोडावा. तेवढ्यापुरता आपला मोबाइल बरोबर आहे. सरांच्या बाकीच्या नोंदी चोख असत, हेही मान्य करते. त्या दोन पाकिटांना मात्र मी नंतर दुरुस्तीची चिठ्ठी जोडली होती, ती कोणीतरी काढून टाकली आणि जांभळावरचे माझे ग्राफिस अजून अंजनीच्या नावावर कपाटात आहे.