वाचक विचारतात : शॉन पॉलचा पहिला अल्बम

प्रश्न : जमैकन गायक शॉन पॉलचा पहिला अल्बम 'डटी रॉक' ना? आणि 'गेट बिझी'चं संगीत वेन वंडरच्या 'नो लेटिंग गो'मध्ये जसंच्या तसं ऐकू येतं. ही चोरी नाही का?

उत्तर : नाही, दोन्ही नाही. 'डटी रॉक' २००२चा. पहिला 'स्टेज वन', २००० साली व्हीपी रेकॉर्ड्सने काढलेला. 'गेट बिझी' त्यात सापडणार नाही, उगाच शोधत बसू नका.

चोरीचं म्हणाल, तर जमैकात डान्सहॉलची, म्हणजे रेगेतून निघालेल्या नाचाच्या संगीताची, रीतच ती. निर्माता आधी ड्रम आणि बेसचा साचा तयार करतो. त्याला 'रिडिम' म्हणतात. मग त्याच साच्यावर पाच-दहा गायक आपापली गाणी चढवतात. ७ इंची तबकडीच्या एका बाजूला गाणं, मागे बहुधा नुसता रिडिम. 'स्टेज वन'मधलं 'इन्फिल्ट्रेट' जेरेमी हार्डिंगच्या 'प्लेग्राउंड' रिडिमवर आहे, बीनी मॅनचं 'हू अॅम आय'ही त्यावरच. दोन्ही लागोपाठ लावा, शब्दांकडे दुर्लक्ष करा, फक्त बेस ऐका. लगेच कळेल. मोबाइलच्या स्पीकरवर मात्र बेस गायब होतो, हेडफोन घ्याच.

अशी सुटी गाणी गोळा करून अल्बम बांधला, की तो थोडा विस्कळीत वाटतोच. 'स्टेज वन'ही वाटतो, पण आम्हाला त्यातला कच्चेपणाच आवडतो.

तुम्ही विचारलेल्या दोन गाण्यांचा रिडिम स्टीव्हन 'लेन्की' मार्सडेनचा. टाळ्यांवर चालणारा, आणि नाव चक्क 'दिवाळी'!