आयएनएस दिल्ली आणि न्यूझीलंडचं ॲकिलिस हे एकच जहाज होतं का? मग फोटोत तोफा कमी कशा दिसतात?

हो, एकच जहाज. तुम्ही विचारलंय की 1939 च्या फोटोत चार टरेट दिसतात, म्हणजे तोफांचे फिरते बुरूज, आणि आपल्या नेव्हीच्या फोटोत तीनच, आणि असं वापरलेलं जहाज भारतानं घेतलंच कशाला. दोन्हीची उत्तरं मला घरातच मिळाली. आमचे मोठे चुलते, तात्या, उदगीर तालुक्यातले, साठच्या दशकात ह्याच दिल्लीच्या बॉयलर रूममध्ये होते. बैठकीत त्यांचा जहाजाचा एक फोटो लावलेला होता, आम्ही पोरं गेलो की ते मागच्या बाजूला बोट ठेवायचे आन म्हणायचे, "हे रिकामं दिसायलंय का? इथं तोफ होती, जपान्यानं उडवली."

खरंच तसंच झालं होतं. हे जहाज इंग्लंडमध्ये बर्कनहेडला बांधलं, 1932 ला पाण्यात उतरलं, लिअँडर क्लासची हलकी क्रूझर, म्हणजे मोठ्या तोफांची युद्धनौका, सहा इंच तोंडाच्या आठ तोफा, दोन-दोनच्या चार टरेटमध्ये. आधी ब्रिटिश नेव्हीत, मग न्यूझीलंडकडं. 13 डिसेंबर 1939 ला दक्षिण अमेरिकेजवळ रिव्हर प्लेटची लढाई झाली त्यात एक्झेटर, एजॅक्स आणि ॲकिलिस अशी तीन जहाजं जर्मनीच्या ग्राफ स्पी ह्या युद्धनौकेला भिडली, आणि ग्राफ स्पीच्या तोफा होत्या अकरा इंची, म्हणजे विचार करा. ॲकिलिसवर निम्म्याहून जास्त माणसं न्यूझीलंडची होती, गोळ्याच्या तुकड्यांनी चार जण गेले, कॅप्टन पॅरी पायाला जखमी झाले तरी जहाज मागं हटलं नाही. चार दिवसांनी ग्राफ स्पी तिच्याच कॅप्टननं उरुग्वेच्या माँटेव्हिडिओ बंदराबाहेर बुडवली.

तुमच्या फोटोतला फरक पडला 5 जानेवारी 1943 ला, पॅसिफिक महासागरातल्या ग्वादलकनाल बेटाजवळ. जपानी विमानाचा बॉम्ब थेट मागच्या दोन टरेटपैकी वरच्यावर पडला, तेरा जण गेले. इंग्लंडात पोर्ट्समथला वर्षभर दुरुस्ती चालली, तो टरेट कायमचा काढून तिथं विमानविरोधी तोफा बसवल्या. म्हणून भारताकडं आली तेव्हा पुढं दोन आन मागं एक असे तीन टरेट, सहाच तोफा.

न्यूझीलंडनं 1946 ला जहाज ब्रिटनला परत दिलं आणि 5 जुलै 1948 ला ती आपल्या नेव्हीत दिल्ली म्हणून दाखल झाली. मुंबईला पोचली सप्टेंबरमध्ये, आपल्याकडं मराठवाड्यात पोलीस ॲक्शन झाली तोच महिना, म्हणजे आपण निजामातून सुटत होतो आन तिकडं देशाची पहिली क्रूझर बंदराला लागत होती. हे मला लहानपणी कुणीच सांगितलं नाही याची मला खंत वाटते.

आता जुनं का घेतलं. अहो, फाळणीत जहाजांची वाटणी झाली आणि आपल्या वाट्याला स्लूप, फ्रिगेट, माइनस्वीपर अशी लहानच जहाजं, क्रूझर एकही नाही. नवी बांधून घ्यायला पैसाही नाही आणि वेळही नाही. मोठं जहाज चालवायचं, शेकडो माणसांचा मेळ घालायचा, हे आपले लोक दिल्लीवरच शिकले. दाखल झाली तेव्हा तिच्यावर एक्झिक्युटिव्ह ऑफिसर, म्हणजे कॅप्टनच्या खालोखालचे, होते राम दास कटारी, तेच 1958 ला नेव्हीचे पहिले भारतीय प्रमुख झाले. 1950 ला नेहरू इंडोनेशियाला गेले ते हिच्यावरनंच. आन ब्रिटिशांनी रिव्हर प्लेटवर 1956 ला सिनेमा काढला त्यात ॲकिलिसचं काम खुद्द दिल्लीनंच केलं, तीन टरेट असूनही! हंडरगुळीच्या बाजारात बैलाचे नुसते दात बघत नाहीत, कामाला कसा हाय ते बी विचारतात, तसंच हे.

1961 ला गोवा मुक्त करताना ती दीवसमोर उभी होती, तिथल्या किल्ल्यावर सहा इंची तोफा डागल्या. तात्या तेव्हा नव्यानंच भरती झालेले, खाली बॉयलरपाशी. बाहेरचं काहीच दिसत नव्हतं, म्हणायचे, तोफ सुटली की पायाखालचं लोखंड थरथरायचं आन गेजच्या काचा खुळखुळायच्या, तेवढीच माझी लढाई.

नंतर ती ट्रेनिंगला वापरली आणि 30 जून 1978 ला निवृत्त होऊन मुंबईतच मोडली. नाव मात्र चालू राहिलं, 1997 पासनं माझगावला बांधलेली डिस्ट्रॉयर दिल्ली आहे. आणि मोडताना भारतानं एक गोष्ट केली ती मला सगळ्यात मोठी वाटते. मागचा जो एक टरेट उरला होता तो काढून न्यूझीलंडला भेट दिला. ऑकलंडला डेव्होनपोर्टच्या नेव्ही बेसच्या गेटवर आजही उभा आहे.

मी त्याचा फोटो मोबाईलवर तात्यांना दाखवला होता, ते ऐंशीला टेकले होते तेव्हा. चष्मा काढून डोळ्याजवळ धरला, बराच वेळ झूम करून बघत बसले आन म्हणले, "रंग नीट ठेवलाय त्यांनी."