ग्रीक कांस्य नाण्यांचा काळ: वाचकांचे प्रश्न

चांदीची ग्रीक नाणी महाग, म्हणून बहुतेकांच्या संग्रहात पहिलं येतं ते कांस्याचं नाणं. झिजलेलं, हिरवट, बोटाच्या पेराएवढं. आणि लगेच प्रश्न पडतो, हे कधीचं? या वेळी आलेल्या पत्रांतले असेच काही प्रश्न घेतले आहेत.

नाण्यावर साल नसतं, मग पुस्तकांत ‘इ.स.पू. ४००–३५०’ असं कशावरून लिहितात? (पुणे)

एका पुराव्यावर कुणीच लिहीत नाही, निदान लिहू नये.

आधी चौकट लक्षात घ्या. कांस्याची नाणी ग्रीक जगात उशिरा आली. सुरुवात सिसिली आणि दक्षिण इटलीत इ.स.पू. पाचव्या शतकात झाली, मूळ ग्रीसमध्ये ती रुळली चौथ्या शतकात. अथेन्स आणि स्पार्टा यांच्यातल्या पेलोपोनेशियन युद्धाच्या शेवटी, इ.स.पू. ४०६–४०५ च्या सुमारास, चांदी संपत आल्यावर अथेन्सने तांब्यावर चांदीचा मुलामा दिलेली नाणी काढली. नियमित कांस्य नाणी तिथे त्यानंतरची. त्यामुळे कुणी अथेन्सच्या कांस्य नाण्यावर ‘इ.स.पू. ४५०’ अशी चिठ्ठी लावली असेल, तर ते नाणं खाली ठेवा.

मग येते लिपी. सिसिलीतल्या सिराक्यूज शहराच्या नाण्यांवर ‘सिराक्यूजवासीयांचे’ या शब्दात आधी ओमिक्रॉन (ऱ्हस्व ‘ओ’) दिसतो, पाचव्या शतकाच्या अखेरीस त्याची जागा ओमेगा (दीर्घ ‘ओ’) घेतो. चंद्रकोरीसारखा वळलेला सिग्मा, म्हणजे ग्रीक ‘स’, दिसला तर नाणं बहुधा बरंच नंतरचं. पण गावोगावच्या सवयी वेगळ्या असतात, तेव्हा एका अक्षरावर निकाल देऊ नका.

या सगळ्यातून कळतं ते फक्त ‘हे आधीचं, ते नंतरचं’. ही माळ खऱ्या सालाला अडकवायला खुंटी लागते, आणि ती उत्खननात मिळते. उत्तर ग्रीसमधलं ऑलिंथस हे शहर मॅसिडोनियाचा राजा दुसरा फिलिप याने इ.स.पू. ३४८ मध्ये उद्ध्वस्त केलं. त्या विध्वंसाच्या थराखाली निघालेली नाणी ३४८ च्या आधीचीच असणार.

सिसिलीतल्या मॉर्गान्तिनाची गोष्ट मला फार आवडते. लिव्ही या रोमन इतिहासकाराने लिहून ठेवलंय की इ.स.पू. २११ मध्ये रोमने हे गाव स्पॅनिश भाडोत्री सैनिकांना देऊन टाकलं. विसाव्या शतकात एका अनामिक टेकडीवर खोदकाम सुरू झालं आणि तिथे ‘हिस्पानोरुम’, म्हणजे ‘स्पॅनिशांचे’, असं लिहिलेली कांस्य नाणी मोठ्या संख्येने निघू लागली. त्यावरून ती टेकडी म्हणजेच मॉर्गान्तिना हे १९५८ मध्ये नक्की झालं. नाण्यांनी गावाला नाव दिलं, आणि गावाने नाण्यांना काळ: २११ च्या नंतरचा.

माझ्याकडच्या नाण्यावर एका बाजूला राजाचं मस्तक आणि दुसऱ्या बाजूला जहाजाचा मागचा भाग आहे. शेजारी डेल्टा, म्यू, ऱ्हो ही तीन अक्षरं. हे टाकसाळीचं चिन्ह आहे का? (ठाणे)

नाही, हे साल आहे! साल लिहिलेलं ग्रीक कांस्य नाणं हाती येणं हे भाग्यच, तेव्हा जरा सावकाश पाहू.

ग्रीक लोक आकडे अक्षरांनीच लिहीत. डेल्टा म्हणजे ४, म्यू म्हणजे ४०, ऱ्हो म्हणजे १००. बेरीज १४४. आता हे १४४ कुणाचं? तुम्ही पाठवलेल्या फोटोत राजाच्या नावाची अक्षरं अर्धी पुसट आहेत, पण ‘अँटिओकस’ वाचता येतं. खाली ‘टायरवासीयांचे’ हा शब्द आणि फिनिशियन लिपीतली ओळही आहे. म्हणजे हा सेल्युकस घराण्याचा, अलेक्झांडरनंतर सीरियावर राज्य करणाऱ्या ग्रीक राजवंशाचा, चौथा अँटिओकस आणि गाव टायर, आजच्या लेबनॉनमधलं. सेल्युकसांचा शक इ.स.पू. ३१२ च्या शरद ऋतूत सुरू होतो. ३१२ हेच पहिलं वर्ष, म्हणून ३१३ मधून १४४ वजा केले की १६९ उरतात. वर्ष शरदापासून शरदापर्यंत चालायचं, म्हणून लिहायचं ‘इ.स.पू. १६९/१६८’.

आता सावधगिरीची गोष्ट. याच टायरने पुढे इ.स.पू. १२६/१२५ पासून स्वतःचा वेगळा शक सुरू केला. त्या शकातलं १४४ वं वर्ष येतं इ.स. १८/१९ मध्ये! आकडा तोच, गाव तेच, आणि फरक १८६ वर्षांचा. तुमच्या नाण्यावर सेल्युकस राजा नसता, नगरदेवतेचं मस्तक असतं, तर आपण दुसऱ्या शकाकडे वळलो असतो. सीरियाच्या बाजूच्या अनेक गावांनी रोमन सेनापती पॉम्पेच्या स्वारीनंतर, इ.स.पू. ६४–६३ पासून, वर्षं मोजली आहेत. म्हणून आकडा वाचण्याआधी शक कोणता ते ठरवा. आपल्याकडे शके आणि संवत यांत गल्लत झाली की तिथी कुठल्या कुठे जाते, तसंच हे.

माझ्या सिसिलियन नाण्यावर दोन चित्रं एकमेकांत मिसळली आहेत. विक्रेता म्हणाला, दोष आहे म्हणून स्वस्तात देतो. घेऊ का? (नाशिक)

घ्या, आणि जपून ठेवा. जुनं नाणं वितळवण्याऐवजी त्यावरच नवा छाप मारला की असं होतं. वरचं चित्र खालच्यानंतरचं, यात वाद नाही. काळ ठरवताना इतका थेट पुरावा क्वचित मिळतो.

तुम्ही नाशिकचे, तर हे तुमच्या जिल्ह्यातच घडलंय. १९०६ मध्ये जोगळटेंभीला तेरा हजारांहून जास्त चांदीची नाणी सापडली. क्षत्रप नहपानाची ती नाणी, आणि त्यातल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप मारला होता. नहपान आधी, सातकर्णी नंतर, हे त्या धातूवरच कोरलं गेलं.

सिसिलीत असंच घडलं. सिराक्यूजचं एक जाडजूड कांस्य नाणं होतं, एका बाजूला शिरस्त्राण घातलेली अथेना देवी, दुसऱ्या बाजूला दोन डॉल्फिनांमध्ये तारामासा. इ.स.पू. ३४४ मध्ये कॉरिंथचा सेनापती तिमोलिऑन सिसिलीत आला. त्याच्या काळात तिथल्या अनेक लहान गावांनी हीच नाणी घेऊन त्यांवर स्वतःचे छाप मारले. तुमचं नाणं दिव्याखाली सपाट धरू नका. खोलीत अंधार करा, टॉर्च बाजूने, टेबलाच्या पातळीला लावा आणि नाणं हळूहळू फिरवा. मी एका नाण्याकडे अर्धा तास पाहत होतो. अचानक वरच्या चेहऱ्याच्या गालावर डॉल्फिनच्या पाठीची वळलेली रेघ उमटली, आणि ते नाणं माझ्यासाठी बदलूनच गेलं.

अलेक्झांडरच्या कांस्य नाण्यावर ‘इ.स.पू. ३३६–३२३’ लिहून दिलंय. बरोबर आहे ना? (कोल्हापूर)

कदाचित. ३३६ ते ३२३ ही त्याच्या राज्याची वर्षं झाली, नाण्याची नव्हेत. सिंहाचं कातडं पांघरलेला ग्रीक वीर हेराक्लिस आणि मागे धनुष्य व गदा, हा छाप त्याच्या मृत्यूनंतरही चालू राहिला. समोर मॅसिडोनियन ढाल आणि मागे शिरस्त्राण असेल तर नाणं बहुधा ३२३ नंतरचं. पावतीवर ‘अलेक्झांडरच्या नावाने’ असं लिहून घ्या, ‘अलेक्झांडरच्या काळातलं’ असं नको.

प्रयोगशाळेत वय कळतं का? (नागपूर)

धातूचं नाही. कार्बन पद्धत सेंद्रिय वस्तूंसाठी असते. क्ष-किरणांनी मिश्रण मात्र कळतं, म्हणजे तांबं, कथिल, शिसं किती ते. भरपूर जस्त निघालं, म्हणजे खरं तर पितळच, तर नाणं इ.स.पू. पहिल्या शतकातलं किंवा नंतरचं असण्याची शक्यता मोठी. किंवा कालपरवाचं, बनावट.

थराचा काळ तोच नाण्याचा काळ का? (छत्रपती संभाजीनगर)

थर सांगतो नाणं कधी पडलं, कधी पाडलं ते नाही. इ.स. पहिल्या शतकातला ‘पेरिप्लस’ हा ग्रीक प्रवासग्रंथ पैठण आणि तेरहून भडोचला जाणाऱ्या मालाबद्दल सांगतो. त्याच ग्रंथात म्हटलंय की अपोलोडोटस आणि मिनँडर या ग्रीक राजांची जुनी नाणी भडोचच्या बाजारात अजून चालतात. ते राजे तेव्हा जाऊन दोन शतकं होत आली होती. म्हणून उत्खननातल्या नाण्याची झीजही पाहावी लागते. कोरं करकरीत नाणं थराच्या काळाजवळचं, गुळगुळीत झालेलं बरंच आधीचं असू शकतं.

आजोबांच्या डब्यात एक हिरवं नाणं मिळालं. चिंचेने घासून अक्षरं वाचू का? (डोंबिवली)

कृपा करून नको. तांब्याची घागर चिंचेने लख्ख होते, नाणं मरतं. अक्षरांच्या कडा, नंतर मारलेला एखादा छोटा शिक्का, खालच्या जुन्या छापाची रेघ, हे सगळं त्या पातळ हिरव्या थराच्या आधाराने टिकलेलं असतं. मऊ कोरड्या ब्रशने धूळ झाडा, दोन्ही बाजूंचे फोटो बाजूच्या प्रकाशात काढा, वजन ग्रॅममध्ये आणि व्यास मिलिमीटरमध्ये लिहून पाठवा. फिकट हिरवी भुकटी सुटत असेल तर मात्र ते नाणं वेगळ्या कोरड्या डबीत ठेवा आणि लवकर कळवा, तो धातूचा रोग आहे.