नहीं तो परभणी

प्रिय पोरा,

तुझा व्हॉइस मेसेज रात्री सव्वाअकराला आला. सात मिनिटांचा. त्यातली तीन मिनिटं तू नुसते सुस्कारे सोडायलास आणि मागं कुणीतरी भांडी आपटायलंय. रात्री ऐकला तेव्हा काळजी वाटली. सकाळी परत ऐकला तेव्हा राग आला. ते बटण दाबून धरून बोलणं मला जमत नाही, म्हणून कागदावर लिहितोय. नात फोटो काढून पाठवील. अक्षर लागलं नाही तर फोन कर, पण आधी पूर्ण वाच.

मला कळलं ते असं. पुण्याची फुटबॉलची सुपर डिव्हिजन, तुमची टीम टेबलच्या तळाला, म्हणजे खालच्या डिव्हिजनला उतरायच्या बेतात, तीन मॅच राहिल्यात. वरच्या एका क्लबाच्या माणसानं तुला चहा पाजला आणि सांगितलं की पुढच्या सीझनला घेतो, तोवर पाय सांभाळ. मग घोट्याला पट्टी बांधायची, कोचला 'दुखतंय' म्हणायचं आणि ट्रॅव्हल्सनं परभणी गाठायची. "सर, तसंही आम्ही रेलिगेट होणारच आहोत." हे वाक्य तू चारदा म्हणालास. मी मोजलं.

शेवटची मॅच खेळून ये. माझं उत्तर एवढंच. पुढची सगळी म्हाताऱ्याची बडबड आहे.

आणि घोटा दुखत नाही हे मला कसं कळलं? डावा की उजवा ते तू सांगितलंच नाहीस. ज्याचा खरंच दुखतो तो आधी तेच सांगतो.

तू इंग्लंडच्या लेस्टर क्लबाचं उदाहरण दिलंस. तुझ्या डीपीला त्यांचा स्ट्रायकर वार्डी आहे म्हणून मीही जरा बघत असतो. २०१६ ला ८१ गुण घेऊन चॅम्पियन झालेली टीम २०२३ ला ३४ गुणांवर खाली गेली. वर्षभरात वर आली आणि २०२५ ला २५ गुणांवर परत खाली. त्या सीझनला घरच्या मैदानावर लागोपाठ नऊ लीग मॅच हरले, आणि त्या नऊ मॅचमध्ये गोल किती, तर शून्य. "बघा सर, एवढ्या मोठ्या टीमचं असं होतं, मग आम्ही कोण?" असं तू म्हणतोस. उदाहरण तुझं, पण अर्धंच वाचलंस. २० एप्रिलला लिव्हरपूलकडून हरले आणि खाली जाणं नक्की झालं. पाच मॅच शिल्लक होत्या. वार्डी तेव्हा अडतीस वर्षांचा. १८ मेला इप्सविचविरुद्ध तो उतरला, क्लबसाठी पाचशेवी मॅच, आणि दोनशेवा गोल मारला. टेबलात त्यानं काही हललं नाही. २०२३ ला खाली गेल्यावरही तो तिथंच राहिला होता, आणि खालच्या डिव्हिजनमध्ये लीगचे अठरा गोल मारून टीमला वर घेऊन आला होता.

हां, आता तू म्हणशील, बोर्नमथविरुद्धची शेवटची मॅच तो खेळला नाही. नाही खेळला. घरच्या मैदानावर, घरच्या लोकांसमोर निरोप घेऊन थांबला. लपून नाही, घोट्याला पट्टी बांधून नाही. वकिली करू नकोस.

खाली जाणारी टीम आतून कशी असते ते मला टेबल बघून कळत नाही, डिफेन्स बघून कळतं. बॅकलाइन दर मॅचला दोन-चार पावलं मागं सरकते. कुणी सांगितलेलं नसतं, पाय आपोआप मागं जातात. मग मिडफिल्ड आणि डिफेन्सच्या मधे एवढी जागा पडते की समोरचा तिथं खाट टाकून झोपेल. कीपर घाबरून लांब किक मारतो, तिथून सुटलेला सेकंड बॉल कायम समोरच्याला. आणि सगळ्यात वाईट म्हणजे कुणी बॉल मागत नाही. सीझनच्या सुरुवातीला अकराजण 'दे, दे' म्हणून ओरडत असतात. फेब्रुवारीत मैदान गप्प असतं. प्रत्येकजण बॉल आला की विस्तव हातात आल्यासारखा दुसऱ्याकडं ढकलतो. तू बॉल मागतोस का रे अजून? खरं सांग. दिवाळीला आपल्या स्टेडियमवर पोरांबरोबर खेळलास तेव्हा मागत होतास.

आणि गोलफरक, मारलेले वजा खाल्लेले गोल. तो तू हिशोबात धरलाच नाहीस. तुमचे आणि वरच्या टीमचे गुण सारखे झाले तर तीन गोलांनी हरलात की एका गोलानं, यावर सगळं अडू शकतं. ०–२ ला ऐंशीव्या मिनिटाला लेफ्ट बॅक, डावीकडचा डिफेंडर, खांदे पाडून चालायला लागला की ०–४ होतं. तो लेफ्ट बॅक तू आहेस. तू गावी आलास तर तिथं कोण खेळणार, हे त्या चहा पाजणाऱ्याला विचारलंस का?

आता माझं.

१९८७. मुंबईत एका कंपनीच्या टीमकडून मी लेफ्ट बॅक खेळायचो. नोकरी टेंपरवारी, महिन्याला स्टायपेंड, परळच्या एका खोलीत सहाजण. शनिवारी कूपरेजला मॅच असली की मला स्वर्ग दोन बोटं वाटायचा, कारण आमचे आबा रेडिओ आणि पेपरावर वाढलेले. निजामाच्या राज्यातला माणूस, सिकंदराबादला नातेवाईक. कोच रहीमसाहेबांच्या हैदराबाद सिटी पोलीस टीमनं १९५० ते १९५४ सलग पाच वेळा रोव्हर्स कप नेला, तो याच कूपरेजवरून. आबा ती पाच सालं पाढ्यासारखी म्हणायचे. त्या मैदानावर आपलं पोरगं खेळतं याचं त्यांना काय वाटत असेल, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. खोलीवर पत्र यायचं त्यात पाऊस आणि बैलाचं दुखणं.

त्या सीझनला आम्ही बुडालो. कारणं तुझ्यासारखीच. दोन मॅच राहिल्या असताना ०–५ हरलो. पाचातले तीन गोल माझ्या बाजूनं आले. दुसऱ्या दिवशी मी गुडघ्याला क्रेप बँडेज गुंडाळलं, मॅनेजरला दाखवलं आणि रात्रीची गाडी पकडली. तेव्हा आपल्याकडं मीटर गेज होतं, मनमाडला गाडी बदलावी लागे. पहाटे मनमाडच्या फलाटावर मी बँडेज सोडून पिशवीत टाकलं. चहावाल्यानंही बघितलं नसेल, पण मला अजून ते बँडेज दिसतं.

बहिणीचं लग्न ठरत होतं, हे खरं आहे. आबांना शेतात माणूस हवा होता, हेही खरं. ज्वारीची काढणी होती. मी गेलो नसतो तर मजूर लावावे लागले असते आणि तेवढे पैसे घरात नव्हते. हे मी गेली कितीतरी वर्षं सगळ्यांना सांगत आलोय आणि ते खोटं नाही. पण काढणी आणखी दहा दिवस थांबली असती.

शेवटच्या मॅचला आम्हाला नुसता ड्रॉ पुरेसा होता. माझ्या जागी मिडफिल्डमधलं एक उजव्या पायाचं पोर उभं केलं. ८३ व्या मिनिटाला त्याच्या बाजूनं क्रॉस आला आणि हेडर. १–० हरलो आणि खाली गेलो. मला हे चार दिवसांनी एका पोस्टकार्डावरून कळलं. आमच्या कीपरनं लिहिलं होतं. 'गुडघा कसा आहे, काळजी घे.' एवढंच, आणि खाली स्कोअर.

मी असतो तर गोल वाचला असता असं मी म्हणत नाही. त्या सीझनचा माझा फॉर्म बघता दोन खाल्ले असते कदाचित. तो मुद्दाच नाही. जे राहिले त्यांचंही काही सोनं झालं नाही. दोघं पर्मनंट झाले, बाकीचे माझ्यासारखेच पांगले, टीमही पुढं बंद पडली. पण काही वर्षांपूर्वी ते सगळे मुंबईत जमले आणि मला बोलावलं. जेवताना त्यातल्या एकानं विचारलं, "शेवटच्या मॅचला तू होतास ना रे?" मी 'हो' म्हणालो. कीपर समोर बसला होता. त्यानं माझ्याकडं बघितलं आणि वरणाची वाटी पुढं सरकवली.

म्हणून सांगतो, शेवटची मॅच खेळून ये.

आपल्या गावाची म्हण सगळा महाराष्ट्र हसत हसत म्हणतो. बनी तो बनी, नहीं तो परभणी. मला ती म्हण ऐकली की अजून चीड येते. गावाला नावं ठेवतात म्हणून नाही. ती माझ्या मापानं शिवलेली आहे म्हणून. बनलं नाही, आलो परभणी. इथं शाळेत पी.टी.चा मास्तर झालो, चांगला झालो, तुझ्यासारखी चार पोरं घडवली, त्याची मला लाज नाही. उद्या खेळ सुटला म्हणून तूही ये, रान आहे, घर आहे, मीही आहे. पण हरायलोय म्हणून सीझनच्या मधेच येऊ नकोस. गावाला असलं निमित्त करू नये रे.

तू हैदराबादचं विचारशील, माहीत आहे मला. २०२२ ला आयएसएल, म्हणजे इंडियन सुपर लीग जिंकलेली हैदराबाद एफसी २०२३-२४ ला तळाला गेली; २२ मॅच, एक विजय, आठ गुण. पगार थकले, निम्मी टीम सोडून गेली. त्यांना मी काय म्हणणार? ज्यांनी घाम गाळला आणि महिनोन्महिने पैसा मिळाला नाही, त्यांना 'थांबा' म्हणायचा अधिकार परभणीतल्या पेन्शनवाल्याला नाही. तुझे प्रवासाचे पैसे थकले असतील तर ते वेगळं, तसं सांग, मी स्वतः तुझ्या सेक्रेटरीला फोन करीन. पण तू तसं काही बोलला नाहीस. उलट त्या क्लबानं तुला बूट घेऊन दिले, हे तूच सांगितलंस. आणि हैदराबादला मागं कोण राहिलं होतं ते बघ. कोवळी पोरं. मॅचमागून मॅच हरत होती आणि पुढच्या मॅचला परत उभी राहत होती. आयएसएलमध्ये खाली उतरवायची पद्धतच नव्हती, म्हणजे वाचवायलाही काही नव्हतं. तरी खेळली.

खालिद जमीलचं तर तुला माहीतच आहे, २०२५ ला भारताचा कोच झाला तो. मुंबई एफसीला सात सीझन सांभाळलं, २०१६ ला तिथून गेला. गेला तो मिझोरामच्या ऐझॉलकडं. ती टीम त्याच वर्षी आय-लीग या देशाच्या लीगमधून खाली गेलेली. गोव्याचे क्लब बाहेर पडले म्हणून ऐझॉलला परत घेतलं, आणि २०१७ ला ३७ गुणांवर चॅम्पियन. मोहन बागान एका गुणानं मागं. त्याच सीझनला मुंबई एफसी तळाला. यातून मी तुला काय सांगतोय? क्लब बदलू नको असं नाही. बदल. जून उजाडला की बदल, माझा आशीर्वाद आहे. सीझन संपू दे. तो चहा पाजणारा खरा असेल तर जूनमध्येही चहा पाजील. आणि तुझा पाय सांभाळण्यासाठी तू आपली टीम सोडलीस हे बघून जो तुला घेतो, तो पुढच्या फेब्रुवारीत तुझ्यावर किती भरवसा ठेवील?

रागावलो असलो तर रागावलोय. तुझी माय परवा भाजी बाजारात भेटली, तिला मी काही बोललो नाही. 'पोरगं बारीक झालंय का हो सर?' एवढंच विचारत होती. रात्री खिचडी-बिचडी करून खात जा, नुसत्या वडापावावर डिफेन्स होत नाही. स्टड घट्ट कर. ट्रेनिंगला आज संध्याकाळी जा, उद्या नाही. आणि कोचला काही सांगून ठेवलं असशील तर जाऊन सांग की घोटा बरा आहे. कोणता ते तो विचारणार नाही.

शेवटच्या मॅचची तारीख आणि मैदान कळव. मी आदल्या रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं निघतो. गुडघा आता खरंच दुखतो, त्यामुळं मला खालची सीट लागेल, ती तूच ऑनलाइन काढून दे. मी तुझ्या बाजूच्या टचलाइनवर उभा असेन, पहिल्या हाफला तरी. मधे ओरडलो तर वळून बघू नकोस. शिट्टी झाली की माझ्याकडंही येऊ नकोस, आधी तुमच्या कीपरकडं जा.

तुझा,
सर