लिलावात लॉट लागला, आता पैसे कसे पाठवायचे?

तुम्ही लिहिलंय की रविवारच्या व्हॉट्सअ‍ॅप लिलावात व्हिक्टोरियाचे पाच चांदीचे रुपये आणि एक दुदांडी शिवराई (मराठेशाहीतलं तांब्याचं नाणं) असा लॉट १४,५०० रुपयांना तुमच्या नावावर लागला. विकणारा परराज्यातला, ओळख काहीच नाही, आणि ‘तासाभरात पूर्ण रक्कम यूपीआय करा, नाहीतर खालच्या बोलीवाल्याला देतो’ असा त्याचा निरोप आहे. यूपीआय करू, बँक ट्रान्स्फर करू की कार्ड मागू, हा तुमचा प्रश्न. अजून पैसे पाठवले नसतील तर हे वाचून होईपर्यंत तरी थांबा.

पैसे कुठल्याही मार्गाने पाठवले तरी समोरच्याला पोचतातच. माल आला नाही किंवा भलताच आला, तर ते परत मागायला तुमच्यापाशी कुठला दरवाजा उघडा राहतो, एवढ्यावरच मार्ग ठरवायचा. यूपीआय, आयएमपीएस आणि एनईएफटी या तिन्हींत तो दरवाजा जवळजवळ बंद असतो. तुम्ही स्वतः पिन टाकून अनोळखी माणसाच्या खात्यात रक्कम ढकलता, म्हणजे रोख हातावर ठेवल्यासारखंच.

हे मी अनुभवाने शिकलोय. २०२२ साली अशाच एका ग्रुपवर व्हिक्टोरियाचे दहा रुपये ११,२०० ला घेतले. विकणारा वर्षभर ग्रुपवर होता, दोन-तीन जणांनी त्याच्याकडून घेतलेलंही होतं. यूपीआय केलं, दुसऱ्या दिवशी टपालाच्या पावतीचा फोटो आला, मी निर्धास्त झालो. पाकीट आलं त्यात थर्माकोलच्या तुकड्यांत गुंडाळलेले लोखंडी वॉशर होते. मग पावती पुन्हा उघडून मोठी करून पाहिली. वजन छापलं होतं ४२ ग्रॅम. ब्रिटिश चांदीचा रुपया ११.६६ ग्रॅमचा. दहा रुपयांचे ११६ ग्रॅमच्या वर झाले पाहिजेत, वेष्टन वेगळंच. फसवणूक त्या फोटोत आठवडाभर माझ्यासमोर होती आणि मी तो आकडा वाचला नव्हता. तेव्हापासून पावती आली की मी आधी वजन बघतो.

बँकेत गेलो तर पहिलाच प्रश्न, ‘पिन तुम्हीच टाकलात ना?’ रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकाचा बरेच जण आधार घेतात, की कामाच्या तीन दिवसांत कळवलं तर ग्राहकाची जबाबदारी शून्य. ते परिपत्रक तुमच्या परवानगीशिवाय झालेल्या व्यवहारांसाठी आहे. मी स्वतःच्या हाताने पाठवलेले पैसे त्यात बसत नाहीत. १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन केला तोवर बारा दिवस उलटले होते आणि रक्कम त्या खात्यातून केव्हाच पुढे गेली होती. पहिल्या काही तासांत फोन केला तर ती वाटेत अडवता येण्याची शक्यता असते. म्हणून संशय आला की त्याच मिनिटाला १९३० लावा, विकणाऱ्याशी वाद नंतर घाला.

अनोळखी माणसाकडून घ्यायचं तर माझी पहिली पसंती क्रेडिट कार्डाला, तेही विकणाऱ्याच्या व्यवसायाच्या नावाने आलेल्या पेमेंट लिंकवर. कार्डात चार्जबॅक असतो. माल मिळाला नाही किंवा वर्णनाप्रमाणे नाही अशी तक्रार तुम्ही तुमच्या बँकेकडे करता, बँक ती कार्डाच्या नेटवर्कमार्फत विकणाऱ्याच्या बँकेकडे नेते आणि विकणाऱ्याला पुरावा द्यावा लागतो. तुम्हालाही द्यावा लागतो. लॉटचं वर्णन आणि फोटो, बोलीचा स्क्रीनशॉट, सगळं बोलणं, वजनाची पावती आणि पाकीट फोडतानाचा एकसलग व्हिडिओ जपून ठेवा. व्हिडिओ बंद पाकिटाच्या चारही बाजू दाखवून सुरू करा आणि नाणी तराजूवर ठेवेपर्यंत मध्ये कापू नका. तक्रारीला मुदत असते, ती नेमकी किती हे आपल्या बँकेला आधीच विचारा. ‘पुढच्या आठवड्यात नक्की पाठवतो’ या आश्वासनांवर ती घालवू नका. डेबिट कार्डावरही चार्जबॅक होतो, पण निकाल लागेपर्यंत बहुधा स्वतःच्या खात्यातली रक्कम अडकून राहते.

यात एक खाच आहे. कार्डाने आधी मोबाइलमधलं वॉलेट भरलं आणि वॉलेटमधून विकणाऱ्याला दिले, तर कार्डाच्या दृष्टीने तुम्ही विकत घेतलं ते वॉलेटमधलं भरणं, आणि ते तुम्हाला मिळालं. चार्जबॅकची बाजू तिथेच लंगडी होते. म्हणून कार्ड आणि विकणारा यांच्या मध्ये तिसरं काही आणू नका.

लिंक नाही म्हणाला तर क्यूआर मागा आणि तुमच्याकडे रुपे क्रेडिट कार्ड असेल तर ते यूपीआयला जोडून पैसे देऊन बघा. हे कार्ड फक्त व्यापारी म्हणून नोंदलेल्या खात्यावर चालतं, कुणाच्या खासगी खात्यावर चालत नाही. नाकारलं गेलं तर ‘आमची फर्म आहे’ म्हणणाऱ्याने तुम्हाला घरचा क्यूआर पाठवलाय हे तरी कळतं. तेवढ्यावरून तो लबाड ठरत नाही, आपल्या छंदातले कितीतरी प्रामाणिक लोक घरूनच विकतात. पण मग पुढची काळजी दुप्पट घ्यायची.

‘वस्तू हातात आल्यावर पैसे’ यावरही फार विसंबू नका. डिलिव्हरीवाला सहसा पैसे घेतल्याशिवाय पाकीट उघडू देत नाही. त्यामुळे पाकीट आलं एवढंच सिद्ध होतं, आत काय आहे ते नाही. आणि ‘आम्ही एस्क्रोमधून करतो’ (म्हणजे माल पोचेपर्यंत पैसे तिऱ्हाइताकडे) म्हणून विकणाऱ्यानेच लिंक दिली तर ती उघडूसुद्धा नका. मध्यस्थ समोरच्याने आणलेला नसावा.

ग्रुपचा अ‍ॅडमिन मध्यस्थी करत असेल तर ती चांगली सोय आहे, पण नाणी आधी त्याच्या हातात आली पाहिजेत. नुसते पैसे त्याच्याकडे ठेवून काही साधत नाही, नाणी खरी की खोटी हे बघणार कोण?

लिलावातच होणारी आणखी एक फसवणूक सांगून ठेवतो, कारण तुम्ही नवीन आहात आणि उद्या कुठल्यातरी लॉटवर तुमची बोली दुसरी ठरेल. रात्री खासगी मेसेज येतो, ‘पहिल्याने माघार घेतली, तुमच्या बोलीला देतो, या नंबरवर टाका.’ नाव आणि फोटो विकणाऱ्याचाच, नंबर मात्र वेगळा. अशा वेळी ग्रुपवर सर्वांसमोर विचारायचं, किंवा मूळ नंबरवर फोन करून आवाज ऐकायचा. फसल्यानंतर ‘रिफंड देतो, हा क्यूआर स्कॅन करून पिन टाका’ म्हणणारेही भेटतात. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही.

मुंबई, अहमदाबाद, बंगळूरच्या नावाजलेल्या नाणे लिलावगृहांची गोष्ट वेगळी. तिथे छापील कॅटलॉग असतो, जीएसटीचं बिल मिळतं, बोलीच्या रकमेवर बायर्स प्रीमियम (लिलावगृहाचं कमिशन) आणि कर लागतो, तो धरूनच बोली लावायची. तिथे फर्मच्या चालू खात्यात एनईएफटी करायला हरकत नाही. फक्त खातं जोडताना बँक दाखवते ते नाव फर्मचंच आहे ना हे पाहा, आणि खाते क्रमांक बिलावरचाच घ्या, कुणी फॉरवर्ड केलेला नको.

आता तुमच्या लॉटचं. बोली लावण्याआधीच ‘पैसे कसे घेणार’ हे विचारायला हवं होतं, पुढच्या वेळी तो प्रश्न पहिला. आज विकणाऱ्याला एवढंच लिहा:

‘नमस्कार. लॉट मला नक्की हवा आहे. कार्डाने भरता येईल अशी पेमेंट लिंक पाठवा, त्याचा चार्ज मी देतो. ते जमत नसेल तर पाचही रुपये आणि शिवराई आजच्या तारखेच्या चिठ्ठीसोबत वजनकाट्यावर ठेवून व्हिडिओ कॉल करा. मग २,००० आगाऊ देतो आणि वजन दिसणारी टपाल पावती आली की उरलेले.’

दुसऱ्या पर्यायातही धोका उरतोच, १२,५०० तुम्ही माल न बघता देणार आहात. गेले तर सोसतील का, याचा विचार करूनच तो स्वीकारा. त्याने दोन्हीला नकार देऊन पुन्हा तासाभराची घाई लावली, तर अ‍ॅडमिनला कारण सांगून लॉट सोडा. बोली मोडली म्हणून थोडं ऐकून घ्यावं लागेल. व्हिक्टोरियाचे रुपये पुण्या-मुंबईच्या प्रत्येक नाणे प्रदर्शनात टेबलाटेबलावर मिळतात, हातात घेऊन, वाजवून, तोलून. दुदांडी शिवरायाही मिळतात. त्याचं उत्तर काय येतं ते कळवा, आणि लॉटचा फोटो टाका, शिवराईची अक्षरं मलाही बघायची आहेत.